लेबर रूमच्या सरावाला काय घ्यावं: अ‍ॅप की बाहुली?

तालुक्याला प्रसूतिगृह चालवणाऱ्या एका मित्राने विचारलं, सिस्टरांना पीपीएच (बाळंतपणानंतरचा अति रक्तस्राव) आणि न रडणारं बाळ सांभाळायला शिकवायचंय. ‘सेफ डिलिव्हरी’ अ‍ॅप पुरेल, की लेअरडाल कंपनीच्या सरावाच्या बाहुल्यांवर पैसे घालू? मी दोन्ही करून बसलोय, म्हणून सांगतो.

अ‍ॅप डेन्मार्कच्या मॅटर्निटी फाउंडेशनने कोपनहेगन आणि सदर्न डेन्मार्क विद्यापीठांबरोबर बनवलंय. फुकट आहे, हिंदीत आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. हाताने वार काढण्याचा व्हिडिओ इतका स्वच्छ, की मीच दोनदा पाहिला. नवी सिस्टर रुजू झाली की आजही पहिल्यांदा तेच दाखवतो.

कुरकुर एकच. आमच्या एका सिस्टरने नवजात बाळाच्या भागातले सगळे प्रश्न बरोबर सोडवले होते. महिन्याभरात एक बाळ रडेना. तिने अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) घेतली, व्यवस्थित मोजत दाबली. पण मास्कच्या कडेने हवा फुसफुस बाहेर आणि छाती हलायचं नाव नाही. मी डोक्याची ठेवण बदलली, हनुवटी धरून मास्क पुन्हा बसवला. दोन-चार श्वासांत बाळ रडलं. नंतर ती ओशाळून म्हणाली, “सर, व्हिडिओत मास्क लगेच बसतो हो.”

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. नियोनॅटली बाहुलीत पाणी भरलं की ती बाळासारखी जड आणि लुळी लागते, आणि मास्क नीट बसल्याशिवाय तिची छाती उचलत नाही. मामानॅटली ही बाळंतिणीची बाहुली, कमरेला बांधायची. आमच्याकडे मावशी साडीवरच बांधतात आणि “अगं बाई, चक्कर येतेय” म्हणत लाल पाण्याचा नळ सोडतात. गर्भाशय घट्ट करायचं की सैल ठेवायचं, तेही त्यांच्याच हातात. सिस्टरने गर्भाशय नीट चोळलं नाही तर मावशी मुळीच दया दाखवत नाहीत.

त्रास आहेच. किंमत आहे, मॅकिंटॉश (खाली घालायचं रबरी कापड) धुवावा लागतो, आणि बाहुली कपाटात गेली की गेली. आम्हीही पहिल्यांदा एक दिवसाचं शिबिर घेऊन कुलूप लावलं होतं. टांझानियातल्या हायडम रुग्णालयात नॉर्वेच्या संशोधकांबरोबर काम करताना नेमका हाच अनुभव आला: एका दिवसाच्या प्रशिक्षणाने बाहुलीवरचा हात सुधारला, खऱ्या बाळांपाशी फरक दिसला नाही. मग थोडा थोडा, पण वरचेवर सराव सुरू केला, तेव्हा पहिल्या 24 तासांतले बाळांचे मृत्यू हजारी 11.1 वरून 7.2 वर आले. आम्ही आता ड्यूटी बदलताना, आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं करतो.

माझ्याकडे चारच सिस्टर. मोठ्या स्टाफचं गणित कदाचित वेगळं असेल. पैसे एकाच बाहुलीपुरते असतील तर बाळाची आधी घ्या, पीपीएचसाठी तोवर अ‍ॅप चालवा. फक्त ती कपाटात ठेवू नका. आमची बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरशेजारच्या टेबलावरच पडलेली असते. नातेवाईक दचकतात कधीकधी.