केनाईचा सॅमन आणि आमचे 1,450 डॉलर

अलास्कात मासेमारीला नेतो म्हणणाऱ्या त्या माणसाचा भाव फार कमी असता तर मला संशय तरी आला असता. तो बाजारभावाहून थोडासाच कमी होता.

सासरे मालवणचे, पहिल्यांदाच आमच्याकडे सिएटलला आलेले. दुकानातला सॅमन खाऊन त्यांनी ताट बाजूला सारलं. "बर्फातलो मासो. पाण्यातसून काढलेलो दाखवा, जावयबापू." म्हणून 2024 च्या जुलैत अलास्काला जायचं ठरलं. केनाई नदी, तीन रात्री तंबूत, आम्ही दोघं, सासरे आणि बारा वर्षांचा मुलगा.

जुलैत तिथे तंबूची जागा मिळणं कठीण, आणि आम्ही मे संपता संपता जागे झालो. मासेमारीच्या एका ऑनलाइन गटात विचारलं, तर एकाने आपणहून निरोप पाठवला. केनाईला मिळणाऱ्या रशियन रिव्हरच्या कॅम्पग्राउंडवर त्याच्या नावावर एक जागा होती, बोट होती आणि गाईडही तोच. फोनवर माणूस मोकळाढाकळा. म्हणाला, सॉकाय जातीच्या सॅमनची पहिली लाट जूनमध्ये येते, दुसरी जुलैच्या मध्यापासून. संगमावर अस्वलं फिरतात, मासा काठावर टाकून लांब जाऊ नका. मी नंतर ताडून पाहिलं, सगळं बरोबर होतं.

मग त्याने गोडी वाढवली. सासऱ्यांचं वय साठच्या वर, म्हणजे त्यांना लायसन्स लागत नाही. नदीच्या मुखाशी मोठ्या जाळ्याने मासे काढता येतात, त्याला तिथे डिपनेटिंग म्हणतात. कुटुंबप्रमुखाला 25 आणि पुढच्या प्रत्येक माणसामागे 10. चौघांचे 55 मासे! मी तर फ्रीजरचे भाव बघायला लागलो होतो. शिवाय एक दिवस किंग सॅमनसाठी, म्हणजे सॅमनच्या सगळ्यात मोठ्या जातीसाठी. 1985 मध्ये याच नदीत 97 पौंड 4 औंसांचा किंग गळाला लागला होता, हेही त्यानेच सांगितलं.

साठीची सवलत खरी आहे. 55 चा हिशेबही खरा. पण दोन्ही फक्त अलास्काच्या रहिवाशांसाठी. बाहेरच्या माणसाने डिपनेटला हात लावला तर तो गुन्हा. बाहेरच्यांपैकी लायसन्स लागत नाही ते फक्त 16 वर्षांखालच्या मुलांना. आणि किंग? मासे इतके घटले होते की त्या उन्हाळ्यात केनाईवर किंगची मासेमारीच बंद होती. राज्याच्या मत्स्य खात्याच्या वेबसाइटवर हे सगळं लिहिलेलं आहे. मी त्याने सांगितलेले मासे मोजत बसलो, ते कोणासाठी आहेत हे वाचलंच नाही.

आगाऊ 1,100 डॉलर झेलने, म्हणजे थेट बँकेतून बँकेत, मागितले. क्रेडिट कार्ड चालेल का, तर म्हणे तीन टक्के जास्त पडतील. तेहतीस डॉलर वाचवले मी! पंधरा दिवसांनी डिपनेटच्या परवान्याचे आणि जाळ्याचे म्हणून आणखी 350. तो परवाना रहिवाशांना फुकट मिळतो.

अँकरेजहून गाडीने कॅम्पजवळच्या कूपर लँडिंगला पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि लख्ख ऊन होतं. आमच्या जागेवर दुसऱ्याच कुटुंबाचा तंबू. कॅम्पची देखरेख करणाऱ्या आजींनी यादी दोनदा पाहिली. अशी आरक्षणं सरकारी संकेतस्थळावरून होतात आणि ज्याच्या नावावर असतात त्यानेच यायचं असतं, हे त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं. त्याचा फोन बंद. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं. रात्र गाडीत काढली.

बँकेचं उत्तर एका ओळीचं: पैसे तुम्हीच पाठवलेत. कार्डाने दिले असते तर निदान तक्रार लढवता आली असती. फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या एफटीसी या सरकारी संस्थेकडे तक्रार नोंदवली आहे. केनाईवर पैसे घेऊन मासेमारीला नेणाऱ्याला राज्याचं गाईड लायसन्स लागतं, नदीच्या त्या भागासाठी स्टेट पार्क्सचा परवाना लागतो, आणि मोटारबोट चालवायची तर कोस्ट गार्डचंही लायसन्स. मी त्याला यातला एकही नंबर विचारला नव्हता. कोणी तुम्हाला नेतो म्हणाला, तर पैशांआधी हे नंबर मागा आणि त्या त्या खात्याला फोन करून ताडून घ्या.

दुसऱ्या दिवशी सोल्डोत्ना गावात 15 डॉलरची एक दिवसाची तीन लायसन्सं काढली, बूट आणि गळ भाड्याने घेतले आणि काठावर उभे राहिलो. शेजारच्या माणसाने फुकटात शिकवलं: सॉकाय आमिषाला सहसा तोंड लावत नाही, दोरी प्रवाहाबरोबर वाहू द्यायची, आणि गळ तोंडाबाहेर कुठे अडकला तर मासा सोडून द्यायचा. सासऱ्यांनी दोन सोडले, तिसरा ठेवला. काठावरच चिरला, आतलं लालभडक मांस बघत राहिले.

"ह्यो काय रावस न्हय," नातवाला म्हणाले, "पण ताजो आसा."