युरोपचा भिंतीवरचा नकाशा: पैसे वसूल, खालचा उजवा कोपरा सोडून

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात वाचनालयाची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात. त्यांच्यासाठी युरोपचा राजकीय नकाशा घ्यायचं ठरलं आणि समितीने ते काम माझ्या गळ्यात घातलं, कारण मी बोटीवर होतो. बोटीवरच्या माणसाला नकाशातलं सगळं कळतं असा गावाचा समज. सेकंड मेट (बोटीवरचा एक अधिकारी) असताना खलाशांसाठी निघणाऱ्या दर आठवड्याच्या सूचना वाचून चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, जांभळ्या शाईने दुरुस्त्या करणं हे माझंच काम होतं, तेव्हा समज अगदीच खोटा म्हणता येणार नाही.

नकाशा सावंतवाडीच्या बाजारातून आणला. साडेसहाशे रुपये, ४० बाय ३० इंच, मराठी, लॅमिनेट केलेला, वर आणि खाली प्लॅस्टिकच्या पट्ट्या. प्रमाण ५० लाखाला एक, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ५० किलोमीटर. छापणाऱ्याचं नाव देत नाही. हाच नकाशा दोनतीन नावांनी विकला जातो, मूळ कोणाचा ते दुकानदारालाही सांगता आलं नाही.

पश्चिम आणि उत्तर युरोपाबद्दल तक्रार नाही. अक्षरं ठसठशीत, नद्यांची निळाई वेगळी उठून दिसते, राजधान्यांना लाल चौकोन. फ्रान्स, जर्मनी, नॉर्वे शिकवायचे असतील तर याहून महाग नकाशा घेऊ नका.

पण मुलं वर्तमानपत्रात जे वाचतात ते बहुधा खालच्या उजव्या कोपऱ्यातलं असतं. ब्रुसेल्सला सर्बिया आणि कोसोवोची बोलणी पुन्हा अडली, बॉस्नियात पुन्हा फुटून निघण्याची भाषा सुरू झाली, वगैरे. बातमी वाचून मूल उठून नकाशाकडे जातं. तिथे त्याला भांडण दिसायला हवं. या नकाशात ते अर्धंमुर्धं दिसतं, आणि हेच मला खटकलं.

आधी चांगलं सांगतो. उत्तर मॅसिडोनिया हे नाव बरोबर छापलंय. ग्रीस आणि मॅसिडोनिया यांचा नावावरचा वाद पंचवीसएक वर्षं चालला. अखेर १७ जून २०१८ रोजी प्रेस्पा सरोवराच्या काठी करार झाला, फेब्रुवारी २०१९ मध्ये नाव बदललं आणि २०२० मध्ये तो देश नाटोत गेला. बाजारात अजून जुन्या नावाचे नकाशे सर्रास मिळतात, म्हणून हा एक गुण रोख. सर्बिया आणि माँटेनेग्रो २००६ मध्ये वेगळे झाले, तेही नीट दाखवलंय.

कोसोवोपाशी मात्र छापणाऱ्याचा हात थरथरला. सर्बियाच्याच रंगात, पण भोवती तुटक रेघ. आता तुटक रेघ काढली हे योग्यच. १७ फेब्रुवारी २००८ ला कोसोवोने स्वातंत्र्य जाहीर केलं, सर्बिया ते मानत नाही, भारतानेही मान्यता दिलेली नाही, आणि युरोपीय संघातलेच स्पेन, ग्रीस, सायप्रस, रोमानिया, स्लोव्हाकिया हे पाच देश मानत नाहीत. अशा ठिकाणी सलग रेघ मारणाऱ्यापेक्षा तुटक मारणारा प्रामाणिक. पण सूचीत तुटक रेघेचा अर्थच दिलेला नाही! वर कहर म्हणजे थोडं पूर्वेला तशीच तुटक रेघ रेल्वेसाठी वापरली आहे. अभ्यासिकेतल्या एका मुलीने मला विचारलं, कोसोवोभोवती गोल फिरणारी गाडी आहे का हो काका? काय सांगणार?

एक तळटीप पुरली असती. वाटाघाटी करणाऱ्यांनीही तेच केलं होतं. युरोपीय संघाच्या मध्यस्थीने मार्च २०११ मध्ये बोलणी सुरू झाली, तेव्हा प्रादेशिक बैठकांत कोसोवोच्या पाटीवर काय लिहायचं यावरच गाडी अडायची. फेब्रुवारी २०१२ मध्ये तोड निघाली ती अशी: नुसतं ‘कोसोवो’ लिहायचं, वर एक फुली (*), आणि खाली टीप की या नावाने कोसोवोच्या दर्जाबाबत कोणाच्याही भूमिकेला बाधा येत नाही, सोबत सुरक्षा परिषदेच्या १२४४ क्रमांकाच्या ठरावाचा आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या मताचा उल्लेख. एवढ्याशा फुलीच्या आधाराने पुढे १९ एप्रिल २०१३ ला १५ कलमांचा ब्रुसेल्स करार झाला. त्यात कोसोवोतल्या सर्बबहुल नगरपालिकांचा संघ करायचं ठरलं होतं, त्यावर घोडं अडलं ते अडलंच. मार्च २०२३ मध्ये उत्तर मॅसिडोनियातल्या ओह्रिडला सर्बियाचे राष्ट्राध्यक्ष वुचिच आणि कोसोवोचे पंतप्रधान कुर्ती समोरासमोर बसले, अंमलबजावणीचा मसुदा मान्य झाला म्हणून सांगितलं गेलं, पण वुचिच यांनी सही केली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात उत्तर कोसोवोतल्या बान्स्का गावात गोळीबार झाला. हे सगळं ज्या मित्रोवित्सा शहराच्या आणि इबार नदीच्या आसपास फिरतं, त्यातलं शहरही नकाशात नाही आणि नदीही नाही. कोसोवोची राजधानी प्रिश्टिना, तिचं नाव एवढं मोठं छापलंय की त्याखाली दोन्ही गडप झाली असावीत.

मुलांना या भागाची गोडी लावायची असेल तर मी विजेची गोष्ट सांगतो. २०१८ च्या जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत युरोपात ओव्हनवरची, गजरांची घड्याळं हळूहळू मागे पडत गेली, जवळजवळ सहा मिनिटं. ही घड्याळं विजेच्या आवर्तनांवरून वेळ मोजतात, सेकंदाला पन्नास. कोसोवोत मागणीपेक्षा वीज कमी तयार होत होती, तूट भरून काढायची सर्बियाने आणि पैसे कोणी द्यायचे यावर दोघांचं जमत नव्हतं. जाळं एकच, त्यामुळे स्पेनपासून तुर्कस्तानपर्यंत आवर्तनं किंचित मंदावली. बोटीवर जनरेटरची फ्रिक्वेन्सी (म्हणजे हीच आवर्तनं) बघत ज्याने वॉच, म्हणजे पहारा, काढलाय त्याला यातली गंमत चटकन कळेल. प्रिश्टिना आणि बेलग्रेडची कुरबुर जर्मनीतल्या स्वयंपाकघरात पोचली होती.

बॉस्निया. इथे माझा गुण कापलेला. अख्खा देश एकाच पिवळ्या रंगात, आतली एकही रेघ नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये ओहायोतल्या डेटनच्या हवाई तळावर बॉस्नियातलं युद्ध थांबवायला तीन आठवडे जी बोलणी झाली, ती मुख्यतः याच आतल्या रेघेवरून. ५१ टक्के जमीन बोस्नियाक-क्रोएट फेडरेशनला, ४९ टक्के रिपब्लिका सर्प्स्काला, म्हणजे बॉस्नियातल्या सर्बांच्या भागाला. तिथे अमेरिकनांनी डोंगरदऱ्या पडद्यावर उभ्या करणारं संगणकी यंत्र आणलं होतं. गोराझ्दे शहराला जाणाऱ्या रस्त्याची पट्टी किती रुंद हवी, हे सर्बियाचे अध्यक्ष मिलोशेविच यांना त्या यंत्रावर खोरी दाखवून अमेरिकेचे मध्यस्थ होलब्रुक यांनी गळी उतरवलं. शेवटी ब्रच्को शहरावर सगळं फुटायची वेळ आली, तेव्हा ते लवादाकडे ढकललं आणि १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या झाल्या. लवादाचा अंतिम निकाल १९९९ ला आला: ब्रच्को दोघांचं मिळून वेगळा जिल्हा. डेटनच्या करारात सीमारेषेचा नकाशा ५० हजाराला एक या प्रमाणाचा, आणि रेघ सुमारे ५० मीटरपर्यंत अचूक आहे असं कलमातच लिहिलंय. आपल्या नकाशावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच किलोमीटर भरते. तेवढ्या रुंदीत एखादं गाव, त्याची स्मशानभूमी आणि शाळा सगळं मावतं. म्हणून मी गावागणिक रेघ मागत नाही, पण दोन पुसट छटा द्यायला काय हरकत होती? ज्याला आतली वाटणी ठाऊक नाही, त्याला बन्या लुका (सर्प्स्काचं सत्ताकेंद्र) आणि राजधानी सारायेव्हो यांची भांडणं कशी उमगणार?

किनारा हा माझा प्रांत, तिथे जरा रेंगाळतो. क्रोएशियाचा किनारा सलग नाही, मध्ये नेउमपाशी बॉस्नियाला सुमारे २० किलोमीटर समुद्र आहे. दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाने व्हेनिसला दूर ठेवण्यासाठी १६९९ च्या सुमारास ती जागा तुर्कांना दिली, त्याचा हा परिणाम. नकाशावर ती फट बारीक का होईना, दिसायला हवी आणि दिसते. मनापासून शाबासकी. २०२२ च्या जुलैत उघडलेला पेल्येशाट्सचा पूल मात्र नाही. २.४ किलोमीटरचा पूल या प्रमाणात दाखवणं अवघड, हे मान्य. पण बातमी समजायला तो लागतो: पुलाने क्रोएशिया जोडला गेला, आणि नेउमला जाणाऱ्या बोटींची वाट अडेल म्हणून बॉस्नियाने तक्रार केल्यावर पुलाखालची उंची ३५ वरून ५५ मीटर करण्यात आली. दोन देशांचं भांडण एअर ड्राफ्टवर (पाण्यापासून बोटीच्या टोकापर्यंतच्या उंचीवर) येऊन मिटतं, हे पाहून बरं वाटतं.

वर, स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाच्या मधल्या पिरानच्या खाडीत छापणाऱ्याने सरळ हात झटकले आहेत. नुसता निळा रंग. स्लोव्हेनियाचा सगळा किनारा जेमतेम ४७ किलोमीटर, आणि कोपर बंदरात शिरायचं तर इटली आणि क्रोएशियाच्या पाण्यातून वाट. २००९ मध्ये स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने हद्दीच्या वादासाठी लवाद मान्य केला. २०१५ मध्ये स्लोव्हेनियाचा लवाद-सदस्य आपल्याच सरकारच्या प्रतिनिधीशी फोनवर खलबतं करताना पकडला गेला आणि क्रोएशिया बाहेर पडला. तरी २९ जून २०१७ ला निकाल आला: खाडीचा मोठा भाग स्लोव्हेनियाला, शिवाय खुल्या समुद्रापर्यंत अडीच सागरी मैल रुंदीचा पट्टा. क्रोएशियाने निकाल मानला नाही, मग दोन्हीकडचे मच्छीमार एकमेकांच्या दंडाच्या पावत्या जमवत बसले. स्लोव्हेनिया युरोपीय न्यायालयात गेला, ते २०२० मध्ये म्हणालं, हे आमच्या अधिकारात नाही.

हे मी अभ्यासिकेत सांगत असताना दाराशी शेजारचे रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आजोबा उभे होते. कर्नाटकातल्या मलपीचे ट्रॉलर आमच्या पाण्यात येऊन बांगडा खरवडून नेतात, त्यावरून इथे दर हंगामात बोंब असते. ते म्हणाले, “दर्यात रेघ कोण ओढता? नि ओढली तरी बांगड्याक कोण सांगतलो?” मुलं हसली. मी विषय पुढे रेटला, कारण उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

आता नकाशा म्हणून त्याची तब्येत. पावसाळ्यात लॅमिनेशनच्या कडा सुटायला लागल्या, खालच्या पट्टीपाशी आत दमट हवा शिरली आणि काळ्या समुद्रावर खरोखरच काळे ठिपके आले. आपल्या हवेत कुठलाही कागद टिकत नाही हे खरं, पण कडा चारी बाजूंनी अर्धा इंच सोडून सील केल्या असत्या तर निभावलं असतं. मी पारदर्शक चिकटपट्टीने बंद केल्या. ट्यूबलाइट समोर असेल तर लॅमिनेशन चकाकतं आणि नेमका ग्रीस दिसत नाही, म्हणून बाजूच्या भिंतीवर लावा. शाई उडालेली नाही. छपाईचं साल कुठेच नाही, हा दोष मोठा: सीमांच्या नकाशावर साल नसेल तर तो कुठल्या करारानंतरचा, हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं?

पाचात तीन. स्पर्धा परीक्षेसाठी घेणार असाल तर घ्या, पण सोबत एक ओएचपी मार्कर (प्लॅस्टिकवर लिहिणारा) घ्या, जांभळा. आम्ही मित्रोवित्सा, ब्रच्को आणि पिरान लॅमिनेशनवरच लिहून टाकलेत, चुकलं तर स्पिरिटने पुसता येतं. आणि दुकानात घडीचा देतील, तो घेऊ नका, गुंडाळलेला मागा. घडीच्या नकाशाची एक दुमड थेट सारायेव्होवरून जाते आणि वर्षभरात तिथला कागद फाटतो. गुंडाळलेल्याला तीस रुपये जास्त पडतात.