तीन थीम, एकच बटण: आठ महिने वापरल्यावर

गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसातून एकच हिशेबाचं सॉफ्टवेअर तिघांना जातं: पिंपळगावचे द्राक्ष निर्यातदार, लासलगावचे कांदा व्यापारी आणि एक वायनरी. स्क्रीन त्याच, रंग वेगळे. आधी प्रत्येकाचं थीम-फोल्डर वेगळं आणि आत बटण, टेबल, फॉर्म सगळ्यांच्या सॅस फायलींच्या कॉप्या. (पानाचं रूप सीएसएस भाषेत लिहितात; सॅस तिचंच वाढवलेलं रूप, बिल्ड म्हणजे अंतिम फाइल बनवताना त्याचं साधं सीएसएस होतं.) बटणाचं पॅडिंग बदलायचं तर तीन ठिकाणी, आणि तिसरं हमखास राहायचं.

दसऱ्याला मांडणी बदलली. कंपोनंटची, म्हणजे बटण-टेबलसारख्या प्रत्येक भागाची, एकच फाइल. थीमच्या फायलीत फक्त सीएसएस व्हेरिएबल, म्हणजे रंगांसारख्या गोष्टींना दिलेली नावं. सॅसचे व्हेरिएबल बिल्ड होतानाच संपतात, हे ब्राउझरमध्ये जिवंत राहतात. त्यामुळे पानाच्या एलिमेंटवरचं (घटकावरचं) एक अॅट्रिब्यूट, म्हणजे गुणधर्म, बदललं की थीम बदलते. इथवर मी खूश.

जानेवारीत, ऐन तोडणीत, निर्यातदारांनी बागेतल्या उन्हात टॅब्लेटवर दिसेल अशी ठळक थीम मागितली. अॅट्रिब्यूट बॉडीवर (पानाच्या दिसणाऱ्या भागावर) लावलं. हेडर काळं झालं, बटण मात्र जुनंच फिकट हिरवं! दोन दिवस गेले. गोम अशी: 'बटण-रंग' मी रूटवर (बॉडीच्याही वरच्या, सगळ्यात बाहेरच्या एलिमेंटवर) 'मुख्य-रंगा'वरून काढला होता. असा संदर्भ जिथे लिहिला त्याच एलिमेंटवर सुटतो आणि खाली तयार रंगच वारशाने जातो. बॉडीवर मुख्य रंग बदलून बटणाला काय कळणार? आता असे व्हेरिएबल त्या कंपोनंटच्या क्लासवरच लिहितो. तिन्ही थीम एका पानावर शेजारी ठेवल्या तरी बिघडत नाही.

कॅस्केड लेयरबद्दल (सीएसएसचे नियम थरांत लावायचे, कुठला वरचढ ते थरांच्या क्रमावरून ठरतं) मत अर्धं-अर्धं. आपला नियम वरचढ व्हावा म्हणून सिलेक्टर (नियम कशाला लागू ते सांगणारा भाग) लांबवत बसण्याची कटकट गेली, हे खरं. पण लेयरबाहेरचं साधं सीएसएस लेयरमधल्या सगळ्यावर मात करतं. बाहेरून आणलेल्या कॅलेंडरने आमची थीम पार धुऊन टाकली, तेव्हा त्याची फाइलच सगळ्यात खालच्या लेयरमध्ये इम्पोर्ट केली. नियमाला 'इम्पॉर्टंट' (हाच पाळा, अशी खूण) लावलं की लेयरचा क्रम उलटतो, त्यामुळे त्याला ऑफिसात बंदी. (मी स्वतः दोनदा मोडली.)

लेयर मोठ्या ब्राउझरमध्ये २०२२ पासून आहेत. लासलगावच्या गाळ्यातला टॅब त्याआधीचा निघाला. त्याने लेयरचा अख्खा ब्लॉकच सोडून दिला आणि पान उघडंबोडकं. शेठचा फोन आला, "अहो, आमचे रंग कुठे गेले?" त्यांच्यापुरतं बिल्डमध्ये लेयर सपाट करणारं पोस्टसीएसएसचं (सीएसएसवर प्रक्रिया करणाऱ्या साधनाचं) प्लगइन घातलंय. टॅब बदलायचं ते दर महिन्याला कबूल करतात.