जिनिव्हा, मनिला की बुसिया?

विकास अर्थशास्त्र शिकणारी मुलं-मुली विचारतात, परदेशात इंटर्नशिप कुठे मिळेल? त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. तुमचं शिक्षण अजून चालू आहे की पदवी हातात पडली? आणि तिथल्या राहण्या-जेवण्याचा खर्च कोण करणार? यादीतली निम्मी नावं इथेच गळतात.

आशियाई विकास बँक घ्या. मुख्यालय मनिलाला. भारत १९६६ पासून, म्हणजे स्थापनेपासून सभासद असल्यामुळे नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही. किमान आठ आठवड्यांचं काम असतं आणि विद्यावेतनही मिळतं. अट एकच, पण कडक: इंटर्नशिपच्या आधी आणि नंतरही तुम्ही एम.ए. किंवा पीएच.डी.चे विद्यार्थी असायला हवं. वॉशिंग्टनच्या जागतिक बँकेचंही बहुतांशी तसंच, तिथे तासाच्या हिशेबाने पैसे मिळतात. त्यामुळे 'निकाल लागला की करू अर्ज' म्हणणाऱ्याला ही दोन्ही दारं बंद. दोन वर्षांच्या एम.ए.त ही संधी खऱ्या अर्थाने एकदाच येते, पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत. अर्जाची तयारी मात्र त्याच्या कित्येक महिने आधी, दिवाळीच्या सुमारासच सुरू व्हायला हवी.

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाची अट सैल आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असाल, एम.ए. करत असाल किंवा पदवी मिळून वर्ष झालं नसेल, तरी चालतं. मुदत दोन ते सहा महिने. आपल्या विषयासाठी जिनिव्हातली अंक्टाड ही व्यापार आणि विकासावर काम करणारी संस्था उत्तम. पण सचिवालय इंटर्नला पगार देत नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा, खोली, विमा, सगळं स्वतःचं. २०१५ मध्ये न्यूझीलंडचा एक तरुण इंटर्न खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून जिनिव्हात तंबूत राहत होता. ती बातमी जगभर गाजली, तरी नियम बदलला नाही. त्याच शहरातली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना मात्र विद्यावेतन देते. माझं मत स्पष्ट आहे: शिष्यवृत्ती किंवा घरची ऐपत नसेल, तर बिनपगारी इंटर्नशिपसाठी कर्ज काढू नका. प्रमाणपत्रावरचं निळं बोधचिन्ह हप्ते फेडत नाही.

आता बुसिया. केनियाच्या पश्चिम टोकाला, युगांडाच्या सीमेवर. मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस याच भागातल्या शाळांत मुलांना जंताच्या गोळ्या देऊन त्याचा हजेरीवर काय परिणाम होतो ते मोजलं. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्रेमर यांना अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत मिळालं, ते अशा प्रयोगांसाठीच. आयपीए (इनोव्हेशन्स फॉर पॉव्हर्टी अ‍ॅक्शन) सारख्या संशोधन संस्था केनियात असे अभ्यास चालवतात आणि त्यासाठी रिसर्च असोसिएट नेमतात. ही इंटर्नशिप नव्हे, पगारी नोकरी आहे. साधारण वर्षभर तरी थांबावं लागतं, आणि शिक्षण पूर्ण झालेलं असलं तर उलट बरंच.

इथे काम अंगावर पडतं. प्रश्नावली लोकांना कळते का ते गावात जाऊन पाहायचं, स्थानिक सर्व्हेअरना प्रशिक्षण द्यायचं, दिवसाचा डेटा आला की स्टाटा या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासायचा, काही घरांत माणूस पुन्हा पाठवून उत्तरं जुळतात का बघायचं. 'कुटुंबात किती जण?' हा साधा प्रश्नसुद्धा किती अवघड आहे, हे तिथे कळतं. पुढे पीएच.डी.ला अर्ज करताना या अनुभवाला आणि सोबतच्या प्राध्यापकांच्या शिफारसपत्राला मोठं वजन असतं. दुसऱ्याच्या अहवालासाठी तक्ते जुळवून हे शिकता येत नाही, म्हणून पदवी झालेल्यांना मी हाच रस्ता सुचवेन.

आणि त्याची सुरुवात आपल्याकडेही होऊ शकते. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेच्या, अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना शिकवणाऱ्या बालसखी उपक्रमाचं मूल्यमापन बॅनर्जी-डुफ्लोंच्या चमूने मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत केलं होतं. मुलांना इयत्तेनुसार नव्हे, जे येतं तिथून शिकवायचं, ही 'प्रथम'ची पद्धत पुढे झांबियाच्या सरकारी शाळांपर्यंत गेली. भारतात असेच प्रयोग करणारी जे-पाल साउथ एशिया ही संशोधन संस्थाही रिसर्च असोसिएट घेते. इथे वर्षभर फील्ड करून मग केनियाला अर्ज केला, तर तुमचा अर्ज नक्कीच वेगळा दिसेल.

'हमखास परदेशी इंटर्नशिप' म्हणून आधी मोठी फी मागणाऱ्या एजन्सींपासून लांब राहा. संयुक्त राष्ट्रं निवडीच्या कुठल्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत. त्यांच्या नावाने कोणी पैसे मागितले तर ती फसवणूकच.

फील्डच्या नोकरीतही एक मोठा धोका आहे. जुलै २०२५ मध्ये यूएसएड ही परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था बंद झाली. त्याआधीच मदत थांबल्याने अनेक देशांतले प्रकल्प मधेच अडकले आणि लोकांच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून मुलाखतीत न संकोचता विचारा: प्रकल्पाला पैसा कोणाचा, तो कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे, वर्क परमिट कोण काढणार, आणि प्रकल्प मधेच थांबला तर परतीचं तिकीट कोण देणार? उत्तर ईमेलवर लेखी घ्या, मगच होकार कळवा.