डॅशकॅम: अपघातातील दोष ठरवताना कितपत उपयोगी?

मागून धडक बसली की दोष बहुधा मागच्या चालकाच्या माथी येतो. परंतु पुढच्या वाहनाने ऐनवेळी मार्गिका बदलून वाट अडवली असेल, तर ते सिद्ध करायला चित्रणाइतका भक्कम पुरावा क्वचितच हाती असतो. माझ्या विमा दाव्यात या डॅशकॅमने, म्हणजे गाडीत बसवलेल्या, समोरच्या रस्त्याचे चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याने, नेमके हेच काम केले. समोरच्या गाडीने इंडिकेटर न देता केलेली घुसखोरी आणि ब्रेक लागताच माझी गाडी पुढे झुकल्याने चित्रात वर सरकलेले क्षितिज, दोन्ही वेळेसह स्पष्ट दिसल्याने सगळा दोष माझ्यावर न येता दायित्वाची विभागणी झाली. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, टिपल्या जातात; त्यामुळे ताशी ६० किलोमीटर वेगात एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत गाडी सुमारे ५५ सेंटिमीटर सरकते. वेगाचा अंदाज बांधायला एवढे पुरते. मात्र रुंद कोनाच्या भिंगामुळे पुढचे वाहन प्रत्यक्षाहून दूर भासते, आणि हे विमा कंपनीच्या सर्वेक्षकाच्या निदर्शनास आणून द्यावेच लागते, कारण अन्यथा चालकाला थांबायला पुरेसे अंतर होते, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. धडकेची क्लिप आपोआप सुरक्षित राहते, तरी आधीच्या क्लिपवर नवे चित्रण होऊ शकते. म्हणून मेमरी कार्ड लगेच काढून घ्यावे. मागचा कॅमेरा नसणे ही मोठी उणीव आहे.