व्हायोलिनच्या रियाजाला कीबोर्डचा सूर : काही महिन्यांच्या वापरानंतर

व्हायोलिनला पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर हलतो, त्यामुळे रियाजाला पक्का आधारस्वर लागतोच. गेले काही महिने मी त्यासाठी साधा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वापरतेय आणि आता माझं मत ठाम आहे: कीबोर्डवर एकच सूर धरून ठेवावा आणि त्याच्यावर आपलं वाजवणं ऐकावं. प्रत्येक सूर आधी कीबोर्डवर वाजवून त्याची नक्कल करत बसलात, तर कान फारसा तयार होत नाही.

आवाज कोणता निवडता यावर निम्मं यश आहे. पियानोचा सूर दाबल्या क्षणापासून विरायला लागतो. लांब गज संपेपर्यंत जुळवायला समोर काही उरत नाही. ‘स्ट्रिंग्ज’मध्ये बहुतेक वेळा कंप मिसळलेला असतो, म्हणून सुराची नेमकी जागा पुसट होते. साधा ऑर्गन सगळ्यात उत्तम: सरळ, अखंड, न थरथरणारा. रिव्हर्ब (घुमारा) आणि कोरस (एका सुराचे अनेक सूर भासवणारा परिणाम) बंदच करा. आणि कीबोर्डचा आवाज व्हायोलिनपेक्षा हळू ठेवा, नाहीतर आपला बेसूरपणा त्याखाली झाकला जातो. दोन्ही हात व्हायोलिनला लागतात, तेव्हा सस्टेन पेडल हवंच. माझ्या कीबोर्डवर ते दाबून धरलं की ऑर्गनचा सूर चालू राहतो.

मोकळी ए तार लावताना याची खरी गंमत कळते. कीबोर्डचा ए ४४० हर्ट्‌झचा आणि तार ४४२ वर असेल, तर सेकंदाला दोन लाटा, म्हणजे आवाजाचे चढउतार, स्पष्ट ऐकू येतात. तार उतरवत नेली की लाटा मंदावतात आणि सूर मिळाला की थांबतात. ट्यूनरचा काटाही हेच सांगतो, पण तिथे काम डोळे करतात. इथे कान करतो, आणि वाजवताना तोच आपल्याजवळ असतो.

आता मुख्य अडचण. कीबोर्डचं सप्तक बारा समान भागांत कापलेलं असतं. पंचमाला त्याचा फारसा त्रास नाही, तो जेमतेम दोन सेंट (सेंट म्हणजे शेजारच्या दोन कींमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. शुद्ध गंधार मात्र जवळजवळ चौदा सेंट चढा. ए षड्ज मानला तर कीबोर्डचा सी शार्प ५५४ हर्ट्‌झच्या वर आहे. षड्जाशी खरा मिळणारा गंधार ५५० वर. म्हणून ए धरून ठेवायचा आणि सी शार्प आपल्या बोटाने शोधायचा. तो जागेवर आला की खरखर जाते आणि दोन्ही सूर एकमेकांत मिसळतात.

डी तारेवरचं पहिलं बोट, म्हणजे ई, याहून बरंच काही शिकवतं. कीबोर्डवर ए धरला तर हा ई ३३० हर्ट्‌झवर मिळतो. मग जी धरा (मोकळ्या जी तारेचा, १९६ चा). तोच ई आता चढा वाटतो आणि ३२७ च्या आसपास खाली आणल्यावर शांत होतो. बोट तेच, पण जागा दोन, आणि आपापल्या आधारस्वराशी दोन्ही बरोबर! बोटाच्या जागेवर पट्टी चिकटवून हे कधीच कळलं नसतं. माझ्या मते कीबोर्डचा सगळ्यात मोठा फायदा हाच. पियानोच्या साथीने गत वाजवायची असेल तेव्हा मात्र पियानोच्या गंधाराशी जुळवून घ्यावं लागतं, म्हणून त्या दिवसांत मी कीबोर्डवर पूर्ण स्वरमेळ धरूनही एक फेरी करते.

नवा कीबोर्ड घेणार असाल तर आधारस्वर ४४० वरून बारीक सरकवण्याची सोय आहे का ते बघा; काही वाद्यवृंद ४४२ ला लावतात. आपोआप बंद होण्याची सेटिंगही शोधून काढा. बरेच कीबोर्ड नवी की दाबली गेली नाही तर काही वेळाने स्वतःच बंद पडतात, आणि लांब आलाप चालू असताना खालचा सूर एकदम गेला की सगळी तंद्री मोडते.