काळे केस फिकट सोनेरी करताना: घरी एका दिवसात, घरी टप्प्याटप्प्याने की सलूनमध्ये?

पिकलेल्या केळ्याची साल सोलून तिची आतली बाजू उजेडात धरावी. तिथे जो फिकट, पांढऱ्याकडे झुकलेला पिवळा दिसतो, तो केसांत आल्याशिवाय कोणताही टोनर, म्हणजे ब्लीचने उजळलेल्या केसांची छटा बदलणारा रंग, त्यांना फिकट सोनेरी करू शकत नाही. घरी केस उजळवायला निघालेल्या बहुतेकींची खरेदी मात्र टोनरपासूनच सुरू होते. माझी भाचीही मोबाइलमध्ये एक फोटो आणि हातात टोनरची बाटली घेऊन आली होती आणि "मावशी, हा चालेल का?" एवढाच तिचा प्रश्न होता. टोनर चांगलाच होता. पण तिचे केस कमरेपर्यंत लांब, काळेभोर आणि खालच्या अर्ध्या भागात कॉलेजच्या दिवसांतल्या मेंदीचे असल्यामुळे, हे काम घरी करायचे की नाही आणि करायचे तर किती दिवसांत, हे आधी ठरवणे भाग होते.

सलूनच्या व्यवसायात केसांचा गडदपणा १ ते १० अशा पातळ्यांनी मोजतात. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ यांच्यात मोडतात, म्हणजे गाठायचे अंतर सात ते नऊ पातळ्यांचे असते. ब्लीच पावडरमधली पर्सल्फेटे आणि डेव्हलपरमधला, म्हणजे पावडर ज्यात कालवतात त्या द्रावणातला, हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की केसांतल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण होऊ लागते, पण ते एका दमात पुरे होत नाही. आधी तांबडा, मग नारिंगी, मग पितळेसारखा पिवळा आणि अखेरीस तो केळ्याच्या सालीचा रंग, या क्रमानेच केस उजळत जातात. त्याच्याही पुढे जाऊन ब्लीचनेच केस पांढरे करू पाहणे व्यर्थ आहे, कारण केस ज्या केरॅटिनचा बनलेला असतो ते मुळातच किंचित पिवळसर असते आणि तो पिवळेपणा काढायचा म्हणजे केसच संपवायचा. "हाय-लिफ्ट" नावाने मिळणारे फिकट रंगही या अंतराला पुरे पडत नाहीत. ते नैसर्गिक केस तीन-चार पातळ्यांपर्यंतच उजळवतात, आणि आधी डाय केलेल्या केसांवर तर त्यांचा काहीच उपयोग नसतो, कारण डायने डाय निघत नाही.

आता तीन मार्गांची तुलना करू. घरी एकाच दिवसात सगळे उरकण्याचा मोह समजण्यासारखा आहे, कारण नारिंगी केस घेऊन चार लोकांत वावरण्याची वेळ येत नाही. त्यासाठी मात्र ब्लीच लागोपाठ दोन-तीनदा लावावे लागते. पहिल्या फेरीतच अल्कलीने केसांचे बाहेरचे खवले उघडलेले असतात, केस फुगलेला असतो, आणि त्याच अवस्थेत दुसरी फेरी झाली की रंगाबरोबर केसातली प्रथिनेही तुटू लागतात. याची परीक्षा सोपी आहे: ओला केस दोन बोटांत धरून हळूच ताणावा. तो थोडा ताणून परत मूळच्या लांबीला आला तर ठीक. चघळलेल्या च्युइंगमसारखा लांबत गेला आणि परत आला नाही, तर त्या दिवशी त्याला ब्लीचचा थेंबही लावू नये. केस आखूड, खांद्याच्या वर आणि आजवर कोणतीही प्रक्रिया न केलेले असतील तरच या मार्गाचा विचार करावा, आणि तेव्हाही दोनपेक्षा जास्त फेऱ्या नकोत.

टप्प्याटप्प्याने केल्यास दोन फेऱ्यांच्या मध्ये दोन ते चार आठवडे जातात आणि काळ्या केसांना दोन ते तीन फेऱ्या लागतात. म्हणजे हे काम दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतचे आहे आणि त्यातला बराच काळ डोके तांबूस-नारिंगी दिसणार आहे. घरात लग्नकार्य असेल किंवा नवी नोकरी लागणार असेल तर हा हिशेब आधीच करावा. केसांच्या दृष्टीने घरच्या दोन मार्गांत हाच निर्विवाद चांगला आहे. त्याचा आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही: मध्येच थांबता येते. दुसऱ्या फेरीनंतर मधासारखा सोनेरी रंग आरशात बरा वाटला, तर तिथेच मुक्काम करण्यात कोणताही कमीपणा नाही.

सलूनमध्ये रसायने सौम्य असतात हा गैरसमज आहे. तिथेही पर्सल्फेट आणि पेरॉक्साइडच वापरतात. पैसे मोजायचे ते दोन हातांचे. डोक्याच्या मागच्या बाजूला काय चालले आहे हे दिसणे, दाट केसांचे बारीक भाग पाडून भराभर लेप लावणे, प्रत्येक भाग वेगळ्या वेळी धुऊन काढणे आणि मुख्य म्हणजे "आज इथेच थांबू" असे सांगता येणे, हे एकटीने आरशासमोर जमत नाही. मात्र सलूनची पाटी पाहून भरवसा ठेवू नये. आपल्याकडे पार्लरमध्ये "ब्लीच" म्हटले की चेहऱ्याचे ब्लीच असाच अर्थ घेतात, आणि काळे केस नवव्या पातळीपर्यंत नेण्याचा सराव प्रत्येक ठिकाणी असतोच असे नाही. त्यांनी केलेल्या अशाच कामाचे फोटो मागावेत. (चेहऱ्याच्या ब्लीच क्रीमची डबी केसांवर वापरून पाहण्याचा विचारही करू नये. ती वस्तू या कामासाठी बनवलेलीच नाही.)

तिन्हींपैकी कोणता मार्ग घ्यायचा हे माझ्या मते पैशांवरून नव्हे, तर केसांच्या पूर्वइतिहासावरून ठरवावे. खांद्याखाली आलेल्या केसांत चार-पाच वर्षांचा इतिहास साठलेला असू शकतो, कारण केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. शुद्ध मेंदीचा रंग केरॅटिनला घट्ट चिकटतो. ब्लीचने तो पूर्ण जात नाही आणि मुळांकडचा भाग पिवळा झाला तरी मेंदीचा भाग हट्टाने नारिंगीच राहतो. "काळी मेंदी" म्हणून विकली जाणारी पूड ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. तिच्यात बहुधा पीपीडी हा डायमधला घटक असतो, आणि काही मिश्रणांत धातूंचे क्षारही असू शकतात. असे क्षार केसांत असताना पेरॉक्साइड लावल्यास मिश्रण एकाएकी तापते, क्वचित वाफाही निघतात आणि केस जागच्या जागी तुटतात. रिबाँडिंग किंवा कायमचे स्ट्रेटनिंग केलेल्या केसांतले बंध आधीच एकदा तोडून जोडलेले असतात, म्हणून तो भाग वाढून कापला जाईपर्यंत ब्लीचचा विषय काढू नये. वर्षानुवर्षे बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने न्हाणाऱ्यांच्या केसांवर खनिजांचा थर साचतो. त्यांनी आठवडाभर आधी क्षार काढणाऱ्या, म्हणजे कीलेटिंग, शाम्पूने एक-दोनदा केस धुवावेत.

खात्री करून घ्यायची तर मानेजवळच्या आतल्या बाजूची पेन्सिलीपेक्षा बारीक बट टोकापर्यंत कापून घ्यावी. कंगव्यातला गुंतवळही चालतो, पण त्यात मूळ कोणते आणि टोक कोणते हे कळत नाही. भाचीच्या बटेवर आम्ही काचेच्या वाटीत ब्लीच लावले आणि दर दहा मिनिटांनी ओल्या कापसाने पुसून पाहिले. चाळीस मिनिटांनी वरचा वीतभर भाग झेंडूच्या पिवळ्याकडे झुकला होता, मेंदीचा भाग मात्र भाजलेल्या विटेसारखा होता, आणि दोन्हींच्या मध्ये आखून काढावी तशी रेघ होती. वाटी गरम झाली नव्हती, एवढाच काय तो दिलासा. त्या बटेने निर्णय सोपा केला. मेंदीचे केस कापायला भाची तयार झाली तर घरी करता येणार होते. लांबी ठेवायची असेल तर सलूनशिवाय पर्याय नव्हता, आणि तिथेही पांढुरक्या सोनेरी रंगाची हमी कोणी देऊ नये. ज्यांना दमा आहे किंवा आधी कधी डायने त्वचेवर गांधी उठल्या आहेत, त्यांनी घरी हे करूच नये. पर्सल्फेटाच्या धुळीने दमा होणे हा केशकर्तनाच्या व्यवसायातला जुना, माहीत असलेला आजार आहे. इतरांनीही ब्लीच आणि टोनर कानामागे लावून ४८ तास वाट पाहावी.

डेव्हलपर निवडताना २०, ३० आणि ४० व्हॉल्यूम असे पर्याय समोर येतात. २० व्हॉल्यूममध्ये ६ टक्के, ३० मध्ये ९ टक्के आणि ४० मध्ये १२ टक्के पेरॉक्साइड असतो. आकडा वाढला की काम लवकर होते, पण रंग उडण्याबरोबर केस खराब होण्याचा आणि त्वचा भाजण्याचा वेगही वाढतो आणि चूक सुधारायला मिनिटे कमी मिळतात. एकटीने केसांना लेप लावायला पाऊण तास लागणार असेल, तर शेवटची बट लावेपर्यंत पहिली बट जळून जाऊ नये यासाठी २० व्हॉल्यूमच घ्यावे. टाळूला लागणाऱ्या भागासाठी तर दुसरा पर्यायच नाही, आणि ४० व्हॉल्यूम घरात आणूच नये. पावडर आणि डेव्हलपरचे प्रमाण बहुतेक कंपन्या १:२ देतात, तरी ते डब्यावर वाचून घ्यावे. साहित्य दुप्पट आणावे, कारण लेप केसांवर दिसण्याइतका जाड नसला तर तो सुकतो, सुकलेले ब्लीच काम करत नाही, आणि मग डोक्यावर चित्त्यासारखे ठिपके उठतात. याच कारणासाठी पंखा बंद ठेवून खिडकी उघडी ठेवावी, केसांवर प्लास्टिकची टोपी घालावी, आणि उरलेले मिश्रण झाकणबंद बाटलीत कधीही ठेवू नये, कारण त्यातून वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचे असावे, स्टीलची वाटी नको.

लेप आधी मधल्या भागाला आणि टोकांना लावावा. टाळूपासून दीड-दोन सेंटिमीटरचा भाग अखेरीस घ्यावा, कारण डोक्याच्या उष्णतेने तिथले केस फार लवकर उजळतात आणि सुरुवातीलाच लावल्यास मुळे पिवळीधमक व खालचे केस नारिंगी अशी उलटी स्थिती होते.

टोनरमध्येही तीन प्रकार समोर येतात. पहिला अमोनियायुक्त, २० व्हॉल्यूम डेव्हलपरबरोबर १:२ प्रमाणात मिसळायचा. वेला कंपनीचा टी-१८ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तो जांभळ्या छटेचा आहे, परिणाम ठळक देतो आणि तीस मिनिटांच्या आत धुवायचा असतो, पण ब्लीचने आधीच थकलेल्या केसांना त्यातून पेरॉक्साइडची आणखी एक मात्रा मिळते. दुसरा आम्लधर्मी, अमोनिया नसलेला, चमक देणारा, जसा रेडकेनचा शेड्स ईक्यू. तो त्याच्या स्वतःच्या द्रावणात समप्रमाणात मिसळून वीस मिनिटे ठेवतात. केस त्याने जराही उजळत नाहीत, खवले मिटायला मदत होते आणि चार-सहा आठवड्यांत रंग हळूहळू उतरतो. घरच्यासाठी माझी पसंती यालाच आहे, कारण चूक झाली तर ती धुऊन जाते. तिसरा प्रकार म्हणजे जांभळा शाम्पू किंवा कंडिशनरमध्ये मिसळलेला जांभळा रंग. हा टोनरची जागा घेत नाही, पण टोनर उतरू लागल्यावर आठवड्यातून एकदा उपयोगी पडतो. त्याने टॉवेल आणि बाथरूमची फरशी जांभळी होते, ते वेगळे.

यांतला कोणताही घेतला तरी रंगचक्राचा नियम बदलत नाही. जांभळा पिवळ्याला मारतो, निळा नारिंगीला. केस नारिंगीवरच थांबले असतील तर जांभळा टोनर कितीही वेळ ठेवला तरी काही घडत नाही, आणि निळ्या टोनरने नारिंगी दबतो खरा, पण हाती येतो तो सौम्य तपकिरी रंग. पाकिटावरचे आकडेही फसवतात. लॉरियलच्या क्रमांकात बिंदूनंतरचा ६ लाल छटा दाखवतो आणि वेलाच्या क्रमांकात तिरक्या रेघेनंतरचा ६ जांभळी, त्यामुळे एका कंपनीचा व्हिडिओ पाहून दुसऱ्या कंपनीचे पाकीट आणणे धोक्याचे आहे. टोके सच्छिद्र असल्याने रंग भराभर शोषतात, म्हणून टोनर मुळांपासून सुरू करून टोकांना शेवटची पाच मिनिटेच द्यावा, नाहीतर टोके राखाडी-जांभळी दिसतात.

नंतरच्या निगेत खोबरेल तेलाला खरेच जागा आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा ब्लीच केलेल्या केसांतूनही प्रथिने झिजणे फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाले होते. न्हाण्याआधी रात्री लावलेले तेल पुरेसे असते. स्ट्रेटनर आणि पोहण्याच्या तलावातले पाणी टाळावे. तलावातल्या पाण्यातल्या तांब्याने फिकट केसांवर हिरवट झाक येते.

काळी मुळे महिन्याभरात दिसू लागतात आणि ती दीड-दोन सेंटिमीटरच्या पुढे जाण्याआधी, म्हणजे साधारण सहा आठवड्यांत, फक्त तेवढाच भाग उजळवावा लागतो. जुन्या सोनेरी भागाला पुन्हा ब्लीच लागू द्यायचे नसते, आणि नेमके हेच घरी एकटीने सर्वांत अवघड जाते. भाचीने हे ऐकले, केस खांद्यापर्यंत कापून घेतले आणि टप्प्याटप्प्याचा मार्ग धरला. दुसरी फेरी झाल्यावर तिने ओली बट केळ्याच्या सालीशेजारी धरून पाहिली. साल अजून बरीच फिकट होती. पहिल्या दिवशी आणलेली टोनरची बाटली तिच्या कपाटात अजून सीलबंद आहे.